बंदूक हा शब्द आधी मी लिहिला

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण पूर्ण वाचा. अर्धवट माहितीवर बोंब मारली की काय होतं, त्याचीच ही गोष्ट आहे.

आधी माझी चूक सांगतो. बाकीच्यांकडे नंतर येतो.

दीड-दोन महिन्यांपूर्वी एका दुपारी व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ आला. अर्ध्या मिनिटाचाही नव्हता. टेबलावर लाकडी फळी, फळीवर प्लॅस्टिकची नळी, नळीभोवती तांब्याच्या तारेचे वेढे, बाजूला चार-पाच कंडेन्सर आणि बॅटरी. एक पोरगं बटण दाबतं, ‘टक्’ असा आवाज होतो आणि नळीतून सुटलेला खिळा समोरच्या थर्माकोलमध्ये जाऊन रुततो. पोरगं हसतं. मागे कुणीतरी पिक्चरचा डायलॉग चिकटवलेला आणि वर लाल अक्षरांत ‘देसी गन’.

मी काय केलं? वीस वर्षं या धंद्यात आहे. पत्रकारितेचा डिप्लोमा आहे. बातमीची खातरजमा कशी करायची, यावर परीक्षेत दोन पानी उत्तर लिहिलेला माणूस मी. आणि मी पाच मिनिटांत तो व्हिडिओ माझ्या पेजवर टाकला. मथळा दिला, ‘खळबळ! तालुक्यात विद्यार्थ्याने घरातच बनवली विजेवर चालणारी बंदूक!’ पोराला फोन नाही, घरच्यांना नाही, कॉलेजला नाही. चेहरासुद्धा झाकला नाही.

तीन तासांत माझ्या पेजवर कधी नव्हे एवढी गर्दी झाली. एका पक्षाच्या ग्रुपवर तोच व्हिडिओ ‘तालुक्यात शस्त्रांचा कारखाना’ म्हणून फिरला, दुसऱ्या पक्षाच्या ग्रुपवर ‘गृहखातं झोपलंय का’ म्हणून. संध्याकाळी पोराला आणि त्याच्या वडिलांना ठाण्यात बोलावलं. रात्री उशिरापर्यंत बसवलं. यंत्र जप्त झालं. हे लिहितोय तोपर्यंत गुन्हा नोंद नाही, ‘चौकशी सुरू आहे’. आणि ते पोरगं त्या दिवसापासून कॉलेजला गेलेलं नाही.

त्याचं वय सतरा. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. याहून जास्त सांगणार नाही, आणि ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदललेही आहेत. ज्यांना तो कोण हे माहीत आहे, त्यांनी कमेंटमध्ये शहाणपणा करू नये. उडवली जाईल.

दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात गेलो. ठाण्यातली माणसं वाईट वागली असं पोरगंही म्हणत नाही. मी साहेबांना म्हटलं, “साहेब, लहान पोरगं आहे, कॉलेजचा प्रोजेक्ट दिसतोय.” त्यांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. माझीच पोस्ट. म्हणाले, “बंदूक तुम्ही लिहिलंय. आम्ही काय समजायचं?”

उत्तर नव्हतं माझ्याकडे. तेव्हापासून कायदा वाचतोय, माणसांना भेटतोय. जे समजलं ते लिहितो.

ते यंत्र नेमकं काय होतं?

बाजारपेठेत एक जुने वायंडिंगवाले मिस्त्री आहेत. उभं आयुष्य विहिरीवरच्या मोटारी बांधण्यात गेलं. त्यांना व्हिडिओ दाखवला. ते हसले. “भाऊ, हे तर स्टार्टरचं कॉइल आहे.”

शेतातल्या स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं की ‘खट्’ होतं ना, तेच. कॉइलमधून करंट गेला की तिचा लोहचुंबक होतो आणि लोखंड आत खेचलं जातं. दाराची टिंगटाँग बेल, वॉशिंग मशीनचा पाण्याचा वॉल्व्ह, गाडीच्या सेल्फवरचा सोलेनॉइड, सगळीकडे हाच प्रकार. फरक एवढाच की स्टार्टरमध्ये लोखंड खेचून धरून ठेवतात. या यंत्रात करंटचा एकच झटका बसतो, आणि लोखंड मध्ये अडकायच्या आत झटका संपतो. मग ते वेगात पुढे निघून जातं. दारू नाही, छर्रे नाहीत, धूर नाही. जगभर याला कॉइलगन म्हणतात. दोन समांतर पट्ट्यांमधून प्रचंड करंट सोडून वस्तू पुढे ढकलायची, ती रेलगन. तिच्यावर आपल्या पुण्यात, पाषाणच्या एआरडीईत, म्हणजे डीआरडीओच्या प्रयोगशाळेत काम झालेलं आहे. अमेरिकेच्या ‘जेराल्ड फोर्ड’ या विमानवाहू जहाजावरून विमानं उडवायला वाफेऐवजी वीज आणि चुंबक वापरतात, त्यामागची विद्याही याच घराण्यातली. थोडक्यात, पोरगं जे करत होतं ते अकरावी-बारावीच्या फिजिक्सच्या पुस्तकातलंच होतं.

हसता हसता मिस्त्री मात्र गंभीर झाले. व्हिडिओ मागे घेऊन कंडेन्सरवर बोट ठेवलं. “हे डबे कुठून काढले याने? याने समोरचा मरेल न मरेल, हा स्वतः मरेल.”

हे पोरांनी नीट वाचा. कॅमेऱ्याच्या फ्लॅशमधला कंडेन्सर साधारण ३०० व्होल्टच्या आसपास भरलेला असतो. बॅटरी काढली, स्विच बंद केला, तरी तो चार्ज धरून बसतो. एक हात एका टोकाला आणि दुसरा दुसऱ्या टोकाला लागला तर करंट छातीतून जातो. एक कंडेन्सर झटका देईल. असे पाच-सहा जोडले तर काय होईल ते सांगायला पोरगं उरेलच असं नाही. घरात वायंडिंगचं काम पाहिलेली माणसं बंद मशीनलाही आधी डिस्चार्ज केल्याशिवाय हात लावत नाहीत. रीलमध्ये हे कुणी सांगत नाही, कारण त्याला लाईक मिळत नाहीत.

कायदा काय म्हणतो

बऱ्याच जणांचा समज, माझाही होता, की बंदूक म्हणजे दारूचा स्फोट होऊन गोळी सुटते ती. दारूच नाही तर बंदूक कसली? दोन वकील मित्रांनीही चहाच्या टपरीवर हेच ठोकून सांगितलं.

चूक. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम २ काढून वाचा. अग्निशस्त्राच्या व्याख्येत स्फोटकाच्या पुढे आणखी काही शब्द आहेत. स्फोटकाच्या किंवा ‘ऊर्जेच्या इतर प्रकारांच्या’ जोरावर कोणतीही वस्तू फेकण्यासाठी घडवलेलं शस्त्र, असा त्याचा अर्थ होतो. इतर प्रकार म्हणजे दाबलेली हवा आली, स्प्रिंग आली आणि वीजही आली. म्हणजे शस्त्र म्हणून बनवलेली कॉइलगन आपल्याकडे कायद्याने बंदूकच आहे. घरात बनवली, छंद म्हणून बनवली, युट्यूब बघून बनवली, याने फरक पडत नाही.

आता शिक्षा. आमच्या पेपरात दर आठवड्याला छापून येतं, ‘गावठी कट्टा व जिवंत काडतूस जप्त, आरोपीवर ३/२५ प्रमाणे गुन्हा’. हे ३/२५ म्हणजे विनापरवाना बाळगणं. बनवणं हा त्याहून मोठा गुन्हा आहे. कलम ५ प्रमाणे बनवायला परवाना लागतो, आणि तो काही तहसील कचेरीतून मिळणारा दाखला नाही. परवान्याशिवाय बनवलं तर पूर्वी किमान तीन वर्षं होती. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप.

सात हा आकडा लक्षात ठेवा, कारण तो दुसऱ्या कायद्यात जाऊन अडकतो. बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षं शिक्षा आहे, तो ‘घृणास्पद गुन्हा’ या वर्गात मोडतो. आणि सोळा ते अठरा वयाच्या मुलावर असा गुन्हा असेल, तर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा का, याची प्राथमिक तपासणी बाल न्याय मंडळ करू शकतं. खून, बलात्कार अशा प्रकरणांसाठी आणलेली तरतूद आहे ही. कागदावर ती खिळा उडवणाऱ्या पोरापर्यंतही पोचते.

प्रत्यक्षात एवढं होईल का? बहुतेक नाही. मंडळ आहे, न्यायालय आहे, माणसं आहेत. पण ‘बहुतेक नाही’ या दोन शब्दांवर एका आईने किती रात्री काढायच्या?

सगळं अडकलंय एका शब्दावर

आता मुद्द्याचं. कायद्यात ‘शस्त्र’ म्हणजे लोखंड फेकणारी प्रत्येक वस्तू नाही. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी ‘शस्त्र म्हणून’ घडवलेली किंवा तशी बदललेली वस्तू. निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापराची साधनं त्यातून वगळली आहेत. म्हणून ज्वारीवरची पाखरं हाकलणाऱ्या आजोबांची गोफण शस्त्र नाही. नाहीतर हाताची ताकद हीसुद्धा ऊर्जाच आहे, आणि शंभर ग्रॅमचा दगड गोफणीतून बऱ्यापैकी सुटला तर त्यात या पोराच्या खिळ्याच्या कितीतरी पट जोर असतो. खेळण्यांनाही सूट आहे, पण जी वस्तू खेळण्याशिवाय दुसऱ्या कशालाच वापरता येणार नाही आणि कामाचं शस्त्र म्हणून बदलताही येणार नाही, तिलाच.

म्हणजे प्रश्न उरतो हेतूचा. ही वस्तू कशासाठी बनवली? तपास करणारा माणूस हेतू शोधणार कुठे? वस्तूच्या आकारात, मालकाच्या बोलण्यात, व्हिडिओत आणि बातमीत.

पोराच्या घरी गेलो तेव्हा त्याने एक वही दाखवली. प्रोजेक्टची वही. पहिल्या पानावर शीर्षक, ‘विद्युतचुंबकीय प्रक्षेपक: प्रात्यक्षिक प्रतिकृती’. आत आकृत्या, वेढ्यांची संख्या, खिळ्याचं वजन, अंदाजे वेग आणि त्यावरून काढलेली ऊर्जा. एक ज्यूलच्या आत. एक ज्यूल म्हणजे शंभर ग्रॅमची साबणाची वडी मीटरभर उचलायला लागणारी ऊर्जा. अख्ख्या वहीत ‘गन’ हा शब्द एकदाही नाही. तो शब्द लिहिला व्हिडिओ कापणाऱ्या मित्राने, लाईकसाठी. मग लिहिला मी, त्यासाठीच. हेतूचा पुरावा त्याच्या वहीत होता. ती वही कुणी मागितलीच नाही. मीही नाही.

आणि माझ्याबद्दल आणखी एक. कायद्याच्या कचाट्यात आलेल्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ने मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी पोस्ट टाकली तेव्हा चौकशी सुरूच झाली नव्हती, ही पळवाट माझ्याकडे आहे. पण चौकशी माझ्या पोस्टमुळेच सुरू झाली, तर ही पळवाट सांगायला तोंड कुठलं?

तीन प्रकारचे शहाणे

या प्रकरणात मला तीन प्रकारचे शहाणे भेटले.

पहिले म्हणतात, “पोरगं हुशार आहे, सोडून द्या. अमेरिकेत तर हे दुकानात मिळतं.” मिळतं, खरं आहे. तिथल्या एका कंपनीने २०२१ मध्ये हातात धरायची कॉइलगन विकायला काढली. तिथल्या केंद्रीय कायद्यात बंदुकीची व्याख्या स्फोटकाशी बांधलेली आहे, म्हणून ते चालतं. ब्रिटनमध्ये उलट आहे. तिथे नळीतून सुटणाऱ्या वस्तूची ऊर्जा एक ज्यूलच्या वर गेली की ते प्राणघातक शस्त्राच्या व्याख्येत बसतं. देश बदलला की कायदा बदलतो. आपलं पोरगं अमेरिकेतला व्हिडिओ पाहून भारतातल्या टेबलावर यंत्र बनवतं, आणि त्याला मधली सीमा दाखवायला कुणी नसतं. तेव्हा ‘सोडून द्या’ म्हणणाऱ्यांनो, पुढच्या पोराला आधी सांगायला कोण जाणार आहे, ते सांगा.

आणि सगळं खेळ म्हणून सोडता येत नाही. २०२५ ची दिवाळी आठवा. शेजारच्या मध्य प्रदेशात, भोपाळ आणि आसपासच्या जिल्ह्यांत, पाईप आणि कार्बाईडच्या त्या घरगुती गनने शंभराहून जास्त पोरांचे डोळे जखमी झाले, काहींची दृष्टी गेली. तीही माकडं हाकलायची म्हणून, नंतर फटाका म्हणून, आणि शेवटी रील म्हणून आली. खिळ्याला एक ज्यूलही पुरतो, समोर डोळा असेल तर.

दुसरे शहाणे म्हणतात, “कायदा म्हणजे कायदा. कट्टेवाल्यांना आत टाकता, मग यालाही टाका.” अरे भाऊ, सीमेपलीकडून पिशवीत कट्टा आणून लग्नात, वाढदिवसाला, वाळूच्या भांडणात काढणारा आणि फळीवर तार गुंडाळून थर्माकोलमध्ये खिळा मारणारा, हे दोघं तुम्हाला एकच दिसतात? कट्टेवाला वाढदिवसाला तलवारीने केक कापतो तेव्हा तुम्हीच टाळ्या वाजवायला असता, फोटो आहेत माझ्याकडे. त्याच्या विरोधात एक ओळ लिहायला माझा हात थरथरतो, आणि तुमचाही. या पोराला मागे कुणी नाही म्हणून आपल्याला कायदा आठवला. खरं बोलायला लाज कसली?

तिसरे शहाणे कॉलेजातले. “आमचा काही संबंध नाही, त्याने घरी केलं.” संबंध नाही कसा? ‘नेहमीचं पवनचक्की-ज्वालामुखी नको, काहीतरी वेगळं करा’ हे वर्गात कुणी सांगितलं? विषयाच्या यादीवर सही कुणाची आहे? विषय मंजूर करताना ‘कंडेन्सर कुठे भरणार, माझ्यासमोर भर, हातात धरायच्या आकाराचं करू नको, व्हिडिओ टाकू नको’ ही चार वाक्यं कुणी बोललं असतं, तर ही पोस्ट लिहावी लागली नसती. पोरगं यशस्वी झालं असतं तर प्रवेशद्वारावर त्याच्या फोटोचा फ्लेक्स लागला असता, ‘आमच्या महाविद्यालयाचा अभिमान’. आता म्हणे संबंध नाही.

एक जुनी गोष्ट

नॉर्वेमध्ये क्रिस्तियान बिर्कलँड नावाचे प्राध्यापक होते. उत्तर ध्रुवाकडच्या आकाशात दिसणाऱ्या रंगीत प्रकाशाचा अभ्यास करणारे. त्यांनी १९०१ मध्ये विजेच्या तोफेचं पेटंट घेतलं. हीच कॉइलची पद्धत. १९०३ मध्ये विद्यापीठाच्या सभागृहात मोठमोठ्या लोकांसमोर प्रात्यक्षिक ठेवलं. स्विच दाबला आणि शॉर्टसर्किट झालं. मोठा आवाज, डोळे दिपवणारी ज्वाळा, लोक घाबरले. तोफेचा धंदा तिथेच बुडाला.

पण त्या ज्वाळेसारख्या विजेच्या ठिणगीतूनच पुढचं काम निघालं. सॅम आयडे नावाच्या इंजिनियरला हवेतला नायट्रोजन पकडून खत बनवायचं होतं, आणि त्यासाठी जबरदस्त ठिणगी हवी होती. दोघं एकत्र आले. १९०५ मध्ये त्यातून नॉर्स्क हायड्रो ही कंपनी उभी राहिली. तिचा खतांचा धंदा पुढे वेगळा झाला, त्याचं नाव यारा. केळीला, द्राक्षाला ड्रिपमधून कॅल्शियम नायट्रेट सोडता ना, त्यातल्या काही गोण्यांवर हे नाव वाचलं असेल. फसलेल्या तोफेच्या घरातली ती गोणी आहे.

म्हणून प्रत्येक पोरगं बिर्कलँड असतं असं मी म्हणत नाही. बहुतेक पोरं दोन खिळे उडवून कंटाळतील आणि क्रिकेट खेळायला जातील. पण बिर्कलँडचा प्रयोग सभागृहात झाला, माणसं सोबत असताना झाला, आणि फसल्यावर त्यांना कुणी रात्रभर बाकावर बसवलं नाही. आपल्या पोराला सभागृह नाही म्हणून तो माडीवर करतो, एकटा, दार लावून. यात कायदाही मोडतो आणि जीवही जाऊ शकतो. जागा दिली तर दोन्ही टळतं.

मग काय करायचं?

नुसती ओरड करून उपयोग नाही, म्हणून पाच गोष्टी लिहितो.

एक, पोरांसाठी. बंदुकीच्या आकाराचं, हातात धरायचं, नळी आणि चाप असलेलं काहीही बनवू नका. ‘फक्त शो’ म्हणूनही नाही. शिकायचंच असेल तर तारेची कॉइल, लहान बॅटरी आणि लोखंडी सळई पुरे. सळई आत ओढली जाते ते बघा, मोजा, लिहा. जुन्या फ्लॅशचे कंडेन्सर काढू नका. आणि घराबाहेर तर काहीच नेऊ नका. जिल्ह्यात सणावाराला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं ३७(१) लागतं. आम्ही त्याची प्रेसनोट वर्षातून कितीदा छापतो आणि कुणी वाचत नाही. त्यात शस्त्रांसोबत दगड आणि ते फेकण्याची साधनं जवळ बाळगणं, गोळा करणं, तयार करणं यालाही मनाई असते. तेव्हा बंदुकीच्या व्याख्येत बसत नाही म्हणून सुटलो, असं समजू नका.

दोन, कॉलेज आणि शाळांसाठी. प्रोजेक्टचा विषय लेखी मंजूर करा, धोका काय ते लिहा, कुणाच्या देखरेखीत होणार ते लिहा आणि खाली सही करा. त्या एका कागदाने पोराचा हेतू स्पष्ट होतो. ठाण्यात दाखवायला हातात काहीतरी असतं. मार्कांसाठी रंगीत फाइल मागता, त्यात हे एक पान वाढवा.

तीन, पोलिसांसाठी, आदराने. आधी मोजा, मग ठरवा. वस्तू ताब्यात घ्या, जरूर घ्या. पण तिची ऊर्जा किती, ती शस्त्र म्हणून घडवली आहे का, याचा तज्ज्ञाचा अहवाल येईपर्यंत पोराला गुन्हेगार ठरवू नका. अल्पवयीन असेल तर त्याला रात्री ठाण्यात बसवायचं नसतं, बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यामार्फत पुढे जायचं असतं. बाळगण्याच्या गुन्ह्यात खटला भरायला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, कलम ३९. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर विचार करायला जागा कायद्यानेच ठेवली आहे. ती वापरा.

चार, आपल्या खासदारांसाठी. शस्त्र अधिनियमाच्या कलम ४१ प्रमाणे केंद्र सरकार लोकहितासाठी काही शस्त्रांना किंवा काही लोकांना सूट देऊ शकतं. एअरगनची रेषा ठरलेलीच आहे. वीस ज्यूलपर्यंत आणि साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या एअरगनला परवाना लागत नाही. मग मान्यताप्राप्त संस्थेच्या आवारात, शिक्षकांच्या देखरेखीत, टेबलावर कायम बसवलेल्या, ठरावीक ज्यूलच्या आतल्या विद्युतचुंबकीय प्रतिकृतींसाठी एक स्पष्ट ओळ का असू नये? मी सैल कायदा मागत नाहीये. एक ज्यूल ठेवा, अर्धा ठेवा, पण आकडा ठेवा. आज आकडा नाही, म्हणून पोराचं नशीब ठाण्यात त्या दिवशी कोण बसलंय यावर ठरतं. ज्यूलच्या वर आणि आवाराच्या बाहेर गेलं, तर मग कारवाई करा, आम्हीच बातमी छापू.

पाच, आम्हा बातमीवाल्यांसाठी. व्हिडिओ आला की आधी फोन, मग मथळा. अठराच्या आतलं पोर दिसलं की चेहरा झाकायचा, बातमी चांगली असो की वाईट. आणि ‘बंदूक’, ‘बॉम्ब’, ‘दहशत’ हे शब्द पंचनाम्याच्या आधी आपण वापरायचे नाहीत. आपल्याला वाटतं आपण घडलेलं लिहितो. कधी कधी आपण लिहिल्यामुळे घडतं.

शेवटचं

परवा पुन्हा त्याच्या घरी गेलो होतो. वडिलांनी चहा दिला, बोलले नाहीत फारसं. त्यांचा राग समजतो. पोराला म्हटलं, “बेटा, चूक माझी आहे. सगळ्यांसमोर लिहून सांगणार आहे.” तो म्हणाला, “काका, पुढच्या वर्षी प्रोजेक्टला पवनचक्कीच करतो.”

हे वाक्य ऐकून समाधान वाटलं असेल तर आपण हरलोय. पवनचक्कीत काही वाईट नाही. पण त्याने ती आवडली म्हणून नाही, भीतीने निवडली.

त्याची वही मी जपून ठेवायला सांगितली आहे. चौकशीत ती दाखवायला वडिलांसोबत मी स्वतः ठाण्यात जाणार आहे, आणि माझी ती पोस्ट चुकीची होती हे लेखी देणार आहे. कॉलेजच्या प्राचार्यांनाही भेटणार आहे. त्यांनी वेळ दिली नाही तर तेही इथेच लिहीन.

तुमच्याकडून एकच मागणं. तो व्हिडिओ तुमच्या मोबाईलमध्ये, ग्रुपमध्ये अजून असेल तर डिलीट करा. मी माझ्या पेजवरून काढला, पण सोडलेला बाण आहे तो, मला परत घेता येत नाही. तुम्ही थांबवू शकता. ही पोस्ट शेअर करा, व्हिडिओ नको. पोराचं नाव विचारू नका. विचारायचंच असेल तर आपल्या गावात पोरांनी प्रयोग करायला एक टेबल, एक शिक्षक आणि एक कुलूप असलेली खोली कुठे आहे, ते विचारा.